कॅमेऱ्यापुढचा घास

ओकजूला चिकट गोष्टींची किळस लहानपणापासूनच होती. मधाची बरणी उघडायची तरी ती आधी हातात रुमाल घ्यायची. लग्नाआधी ती ग्वांगजू शहरात दातांच्या एका दवाखान्यात कामाला होती. तिथले पांढरे हातमोजे, उकळून पुसलेली हत्यारं, औषधाच्या वासाची फरशी हे सगळं तिला देवळासारखं वाटायचं. तिथून लग्न होऊन ती आली ती थेट दक्षिण किनाऱ्यावरच्या शिंपल्यांच्या गावात, जिथे माणसांच्या नखांतला चिखल सणावारीसुद्धा निघत नाही. नवरा मानसोक शिंपल्यांची पोती टेम्पोतून बाजारात पोचवायचा. सासू ओहोटी लागली की लांब फळकुटावर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने ढकलत खाजणात जायची. भरतीआधी परत यायची तेव्हा तिच्यात आणि चिखलात फरक एवढाच उरलेला असायचा की ती बोलायची.

त्यांची मुलगी दानबी सातवा महिना लागायच्या आत जन्मली. काचेच्या पेटीत कितीतरी दिवस राहिली, जगली, पण डोळ्यांचे पडदे सुटले. डॉक्टर म्हणाले, "उजेड आणि अंधार यातला फरक कळेल. त्यापलीकडे काही धरून चालू नका." ओकजू रडली नाही. घरी येऊन तिने सगळं घर पुसून काढलं.

आणि मग ती पुसतच राहिली. दानबीचा हात कशाला लागला की लगेच ओलं फडकं. भाताचं शीत लागलं, पुस. लाळ गळली, पुस. मांजराला हात लागला, साबण. पोरगी अडीच वर्षांची झाली तरी तिच्या दोन्ही मुठी आवळलेल्या असायच्या, मुठींची हाडं ती डोळ्यांत खुपसून दाबत बसायची. चमचा कधी धरला नव्हता. उभी राहायची, पण पाऊल टाकायची नाही. टाकावं असं पुढे काही आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

दर मंगळवारी सुनचन शहरातल्या अंधशाळेतून बांगबाई येऊ लागल्या. लहान मुलांच्या घरी जाऊन आईबापांना शिकवायचं हे त्यांचं काम. अंगाने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. गाडीत बसून वाळवलेला माकूळ मासा चघळत यायच्या, त्यामुळे त्यांच्या आधी त्यांचा वास घरात शिरायचा. ओकजूला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या नाहीत.

अशाच एका मंगळवारी त्यांनी दानबीच्या पुढ्यात ट्रे ठेवला आणि कोमट पेज सरळ ट्रेवरच ओतली.

"बाई, वाटी विसरलात," ओकजू म्हणाली.

"वाटी नकोच." बांगबाईंनी आपला हात पेजेत घातला आणि दानबीची मूठ उचलून आपल्या हाताच्या पाठीवर ठेवली. "हे बघा, वरून हात धरायचा नाही. वरून धरला की तिला वाटतं कुणी ओढून नेतंय. माझा हात खाली, तिचा वर. नको वाटलं तर तिने काढून घ्यावा."

दानबीने लगेच काढून घेतला. पेजेचा एक थेंब मनगटाला लागला होता, तेवढ्यावर ती किंचाळली आणि हात हवेत धरून ओरडत राहिली. "पूस! पूस!" तिला येणाऱ्या मोजक्या शब्दांपैकी हा एक. ओकजू फडकं घेऊन धावली.

"थांबा!" बांगबाई एवढ्या जोरात ओरडल्या की ओकजू जागीच थिजली. "दानबीची आई, ही किळस पोरीची नाही. तुमची आहे. तुम्ही दिलीत. उद्या ही मूठ उघडली नाही तर ब्रेल कशाने वाचणार, कोपराने?"

पेज ट्रेच्या कडेवरून गालिच्यावर ओघळत होती. त्यात बांगबाईंचा हात, हातावर माकुळाचा वास. ओकजू मोरीकडे गेली आणि तिने खरोखरच ओकारी काढली. परत येऊन म्हणाली, "पुढच्या मंगळवारी येऊ नका."

बांगबाई पुढच्या मंगळवारी आल्या. त्याच्या पुढच्याही. ओकजू दार उघडायची, कारण दुसरं कुणी तिच्या दाराशी येतच नव्हतं.

मूठ उघडली ती मात्र बांगबाईंमुळे नाही. वसंतात ओकजू तापाने फणफणली. मानसोक टेम्पो घेऊन बाहेरगावी. सासूबाईंना ओहोटी चुकवायची नव्हती, आणि पोरीला सांभाळायला कुणी नव्हतं. तोपर्यंत सासूबाई दानबीला चारचौघांत नेत नसत, लाज वाटायची त्यांना. पण लाजेपेक्षा ओहोटी मोठी. त्यांनी नातीला प्लास्टिकच्या घमेल्यात बसवलं, घमेलं फळकुटाला बांधलं आणि गेल्या.

परत आल्या तेव्हा दारात एक चिखलाचा गोळा उभा होता आणि तो हसत होता. केसांत चिखल, कानांत चिखल, दातांवर चिखल. "आई! आई!" दानबीने मूठ पुढे केली आणि उघडली. तळव्यावर एक लांबलचक लालसर किडा वळवळत होता.

ओकजू तापातही भिंतीला जाऊन टेकली. "हे काय! सासूबाई, हे काय!"

"अगं चिखलातला किडा आहे, चावत नाही," सासूबाई म्हणाल्या. "घमेल्यातून पडली. मला वाटलं आता रडून गाव गोळा करेल. पण ही बया बसली चिखल उपसत! खेकडा हाताला लागला तर खेकड्याशीच बोलत बसली. मला म्हणते कशी, आजी, हा पळतो!"

किडा घरंगळून ओकजूच्या पावलावर पडला. अंगावर सर्रकन काटा आला. तरी तिची नजर मुलीच्या तळव्यावर होती. बोटं पाचही लांब झाली होती. एवढी लांब बोटं आपल्या मुलीला आहेत हे तिने नीट कधी पाहिलंच नव्हतं.

त्यानंतरचं वर्ष ओकजूने नाक धरून काढलं. किळस गेली नाही, जात नसतेच. ती फक्त फडकं घेऊन धावायची थांबली. दानबीने भात भिंतीला लावला, आंबवलेल्या कोबीच्या, किमचीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, समुद्री शेवाळाचं सार मांडीवर ओतून घेतलं, कच्च्या मासळीच्या पोटात बोट घालून विचारलं, "हे काय? आणि हे?" ओकजू श्वास रोखून सांगायची, "हे काळीज. हे आतडं." मग बाहेर अंगणात जाऊन उभी राहायची. सासूबाईंनी जुन्या होडीचा दोर आणला, तो ओकजूने पोरीच्या कमरेच्या उंचीवर भिंतीला ठोकला, खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून न्हाणीपर्यंत. दानबी एका हाताने दोर चाचपत घरभर पळू लागली. आणि पानगळीच्या सुमारास एके दिवशी तिने चमच्याने सार उचललं, सांडलं, पुन्हा उचललं, तोंडात घातलं आणि म्हणाली, "खारट आहे." सार खरंच खारट झालं होतं.

चौथ्या वर्षी गावातल्या बालवाडीने तिला नाकारलं. मुख्याध्यापिका गोड बोलल्या. "आमच्याकडे जिने आहेत हो. शिवाय बाकीची मुलं घाबरतात." ओकजू घरी येऊन भांडी घासत बसली. मानसोकने जाळीतल्या भांड्यांतलं पाणी निथळवलं. तो मुळात कमीच बोलायचा. आठवड्याभराने मात्र जेवता जेवता म्हणाला, "मी टीव्हीवाल्यांना कळवलंय."

"कुठल्या टीव्हीवाल्यांना?"

"तो कार्यक्रम असतो बघ, 'उबदार हात'. आई बघते तो. त्यांचा फोन आला. येणार आहेत." तो भातात चमचा फिरवत राहिला. "एकदा पोरगी टीव्हीवर दिसली की बालवाडी कशी नाही म्हणते ते बघू. चारचौघांच्या डोळ्यांदेखत नाही म्हणायची हिंमत होणार नाही त्या बाईची."

ओकजूला ते पटलं. नंतर तिला स्वतःचा सगळ्यात जास्त राग आला तो याचा, की ते तिला पटलं होतं.

दिग्दर्शक प्योन दोन माणसं आणि कॅमेरा घेऊन आला. तरुण, मऊ आवाजाचा, हाताला अत्तराचा वास. बूट काढताना मोज्यांना भोक नव्हतं, हात धुतल्याशिवाय दानबीजवळ गेला नाही. ओकजूला वाटलं, बरा माणूस आहे. मंगळवार होता म्हणून बांगबाईही होत्या. त्यांनी कॅमेऱ्यापुढे बसून भरभरून सांगितलं, हात खाली कसा ठेवायचा, मूल पावलं का टाकत नाही, मूठ का आवळतं. प्योन मान डोलवत राहिला. "आणि बाई, सुरुवातीला ती खूप घाबरायची का?"

"हो, घाबरायची. पण ते का, तर..."

"वा. मिळालं."

दुपारी जेवणाचं चित्रण होतं. दानबीने नेहमीसारखा उजव्या हाताने चमचा शोधला, डाव्याने वाटीची कड धरली. प्योन पाहत राहिला. मग ओकजूजवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, तुम्ही भरवाल का तिला?"

"ती खाते की. तुम्ही पाहताय."

"तेच. खूप छान खाते. पण बघणाऱ्याला..." त्याने शब्द शोधल्यासारखं केलं. "बघणाऱ्याला तिच्यासाठी काही वाटायला नको का? आधी थोडं वाईट वाटलं पाहिजे, मग मदतीचे हात पुढे येतात. एकच घास, वहिनी. तिच्याच भल्यासाठी."

ओकजूने मानसोककडे पाहिलं. त्याने मान हलवली, एकच घास तर आहे. सासूबाई कोपऱ्यात डोळ्यांना रुमाल लावून आधीच तयार बसल्या होत्या.

तिने दानबीच्या हातातून चमचा काढून घेतला. पोरीची बोटं हवेत चमचा शोधत राहिली. "आई? चमचा पडला?"

"आवाज नको बाळा," प्योन कुजबुजला. "ती बोलली की ते हे होतं... ती एवढं बोलते असं वाटायला नको."

ओकजूने घास पुढे केला. चमचा न सांगता ओठांना लागला तशी दानबी दचकली. मग तिने तोंड उघडलं, बाळासारखं, आणि मान वर करून थांबली. सार हनुवटीवरून ओघळलं. ओकजूच्या हाताला सवय होती, त्याने ते पुसलं. कॅमेरा जवळ आला, इतका जवळ की काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं. पेज पाहून ओकताना तिला एवढं घाणेरडं वाटलं नव्हतं.

"सुंदर," प्योन म्हणाला. "आणखी एकदा."

एकाचे तीन घास झाले. चौथ्याला दानबीने दात आवळले. "मी बाळ नाही!"

"ते कापू," प्योन कॅमेऱ्यावाल्याला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओकजू अंगणात चादरी वाळत घालत होती. आत आली तर भिंतीवरचा दोर गायब. खिळ्यांची भोकं तेवढी दिसत होती.

"दोर कुठाय?"

"जरा काढलाय वहिनी," प्योन म्हणाला. "चित्रात विचित्र दिसत होता, गुरांच्या गोठ्यासारखा. संध्याकाळी लावून देतो."

ती काही बोलणार तोच आतल्या खोलीतून दानबीचा आवाज आला, "आई आली?" आणि धावण्याचा आवाज. रोजच्यासारखी ती हात बाजूला करून धावत आली. हाताला भिंत लागली, दोर लागला नाही. ती वळायच्या जागी वळली नाही. दाराच्या चौकटीवर तिचं तोंड असं आपटलं की सासूबाई किंचाळल्या.

ओकजूपेक्षा कॅमेरा जवळ होता. कॅमेऱ्यावाला एक गुडघा टेकून बसला, दानबी तोंड धरून जमिनीवर, बोटांतून रक्त, आणि प्योनचा हात हवेत, तळवा खाली, थांबा, कुणी मध्ये येऊ नका. ओठ हलत होते. "चालू ठेव. चालू ठेव."

ओकजू कॅमेऱ्याच्या पुढ्यातून गेली. मुलीला उचललं, ओठ फाटला होता, दात शाबूत होते. दवाखान्यात शिकलेलं तेवढं कामी आलं. फडकं दाबून धरून ती वळली.

"निघा."

"वहिनी, अपघात होता. माफ करा. मनापासून."

"तुमचा हात कुठे होता? पोरगी पडली तेव्हा तुमचा हात कुठे होता, प्योनसाहेब?"

प्योनने आपल्या हाताकडे पाहिलं. अत्तराचा वास अजून येत होता. ओकजूला तो वास कुजलेल्या माशासारखा लागला. तिने कॅमेऱ्यावाल्याला म्हटलं, "ते पुसून टाका. आत्ता. माझ्यासमोर."

"तसं करता येत नाही. दानबीच्या बाबांनी संमती दिलीय," प्योन म्हणाला. आवाज तेवढाच मऊ होता. जाताना त्याने सासूबाईंना वाकून नमस्कार केला.

मानसोक संध्याकाळी आला. त्याने मुकाट्याने दोर पुन्हा ठोकला. मग फोन केला, एकदा, दोनदा, बराच वेळ बोलला. हात जोडल्यासारखा बोलला. फोन ठेवून म्हणाला, "ते म्हणतात, पडतानाचं फार दाखवणार नाहीत."

"फार?"

ओकजू त्या रात्री दानबीच्या खोलीत झोपली, आणि पुढेही बरेच दिवस तिथेच झोपली.

कार्यक्रम लागला तेव्हा तिला बघायचं नव्हतं, पण सासूबाईंनी आवाज मोठा केला होता आणि शेजारणी जमल्या होत्या. पडणं दाखवलं. संथ करून दाखवलं, दोनदा. खाली पियानो. बांगबाईंच्या सगळ्या बोलण्यातलं एकच वाक्य उरलं होतं, "घाबरायची." किडा नाही, खेकडा नाही, खारट सार नाही. निवेदिकेचा ओला आवाज म्हणत होता की या चिमुकलीच्या आयुष्यात एक घासही आईच्या हाताशिवाय पोटात जात नाही.

दानबी मानसोकच्या मांडीवर बसून ऐकत होती. ओठावरची खपली चाचपत म्हणाली, "बाबा, कुठली मुलगी आहे ही? तिला कुणी जेवायला शिकवलं नाही का?"

शेजारणी हुंदके द्यायच्या थांबल्या. मानसोकने उठून टीव्ही बंद केला. "अरे, संपला नाही अजून," सासूबाई म्हणाल्या, तर तो म्हणाला, "संपला." लग्न झाल्यापासून आईला त्याने दिलेलं ते पहिलं उलट उत्तर असेल.

मग खोकी यायला लागली. फाटके कपडे, एक डोळा निसटलेली कापडी अस्वलं, कुणाच्या तरी मुलांनी वापरून सोडलेल्या रंगपेट्या. रंगपेट्या! बाजारात एका म्हाताऱ्याने काही न बोलता दानबीच्या तोंडात गोळी कोंबली आणि "बिचारी" म्हणत डोळे पुसले. ओकजूने बोट घालून ती गोळी बाहेर काढली. गोळी त्याच्या खिशातल्या तंबाखूने काळी झालेली होती.

बालवाडीच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. मानसोकचा हिशेब बरोबर निघाला होता. ओकजू दानबीला घेऊन गेली. दारातच वर्तमानपत्राचा फोटोवाला उभा होता.

"आम्ही सगळं ठरवलंय," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तिच्यासाठी खास खुर्ची, पुढे, खिडकीपाशी. एक बाई तिला भरवेल, उचलून नेईल. तिला काहीसुद्धा करावं लागणार नाही! नुसतं बसायचं."

"ती स्वतः खाते," ओकजू म्हणाली.

मुख्याध्यापिका हसल्या. त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. त्यांचा हात दानबीच्या गालावरून फिरत होता, फोटोवाल्याच्या बाजूने, म्हणजे चेहरा झाकला जाणार नाही असा. ओकजूने मुलीचा हात धरला आणि काही न सांगता बाहेर पडली. फाटकाबाहेर तिला कोरडे उमासे आले. पोटात काही नव्हतं.

तिने बांगबाईंना फोन केला. बांगबाई टीव्हीवर उरलेल्या स्वतःच्याच त्या एका वाक्यावरून धुमसत होत्या. शिव्या घालून झाल्यावर म्हणाल्या, "आमच्या शाळेच्या शिशुवर्गात जागा आहे. पण रोज दीड तास जायला, दीड तास यायला. पोरगी कंटाळेल, तुम्ही मराल. मी सांगतेय म्हणून येऊ नका."

"येते," ओकजू म्हणाली.

मानसोक पहाटेची पहिली खेप सोडून त्यांना बसथांब्यावर पोचवू लागला. बोलणं अजून जेवढ्यास तेवढंच होतं. शाळेत दानबी इतर मुलांच्या अंगावर पडायची, भांडायची, एकाला चावलीसुद्धा. तिथे एक नियम होता. कुणाला हात लावायचा तर आधी आपलं नाव सांगायचं.

पावसाळ्यानंतरच्या एका सकाळी बसमध्ये समोरच्या बाकावरची बाई त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. चांगल्या घरची, गळ्यात रेशमी रुमाल. "अगं बाई, तुम्ही त्या टीव्हीवरच्या ना?" तिचे डोळे भरून आले. "किती रडले मी त्या दिवशी! हीच ना ती?" आणि तिने दोन्ही हात पुढे करून दानबीचा चेहरा धरला.

दानबीने झटक्याने मान मागे घेतली. "नाव सांगा आधी!"

"काय?"

"नाव. न सांगता हात नाही लावायचा." हे म्हणताना ती अंडं खात होती. तिने त्याच हाताने बाईचे हात बाजूला केले. बाईच्या बाहीवर पिवळा बलक माखला.

बाईचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले. तिने बाहीकडे पाहिलं, मग पोरीच्या हातांकडे. नाक आक्रसलं, ओठ वाकडे झाले. रेशमी रुमाल काढून ती बाही पुसू लागली. "काय उद्धट पोरगी आहे! आईने काही वळण लावलंय की नाही?" आणि उठून ती मागच्या बाकावर जाऊन बसली.

ओकजू तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती. नाक कसं आक्रसतं, हनुवटी कशी मागे जाते, हे तिला आतून ठाऊक होतं. त्या बाईला दानबीची किळस आली होती. गोजिऱ्या अस्वलाची किंवा 'बिचारी'ची कुणाला किळस येत नाही; ती अंगाला हात लावणाऱ्या, खरकट्या हाताच्या माणसाची येते तशी. इतक्या महिन्यांत दानबीकडे कुणी असं पाहिलं नव्हतं. ओकजूला ते बरं वाटलं.

"कोण होती?" दानबीने विचारलं.

"नाव सांगितलं नाही."

"मग जाऊ दे." दानबीने उरलेलं अंडं तोंडात कोंबलं आणि हात आईच्या धुतलेल्या, इस्त्री केलेल्या स्कर्टला पुसला. ओकजूचं बोट त्या डागाशी गेलं, पण तिने तो पुसला नाही. सुनचनचा थांबा आला तशी तिने पोरीला तिची पांढरी काठी दिली, आणि दोघी उतरल्या.